उंदराचं नाक, आबांचं वावर

रविवारी यावलला फोन लावला की आबा आधी केळीचा भाव सांगतात, मग माझ्या नोकरीची चेष्टा; मी रसायनं प्राण्यांऐवजी माणसाच्या पेशींवर तपासतो. या खेपेला निमित्त होतं 2023च्या नियमबदलाचं: नव्या औषधांच्या चाचणीत प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरच्या पद्धतीही भारतानं मान्य केल्या. चुलतभाऊ म्हणाला, गोऱ्यांचे चोचले. आबा म्हणाले, "उंदीरस्नी चिंता ठीक शे, आम्हनी कोन करस?"

रास्त आहे. पण मला यात दयेपेक्षा नाकाचा मुद्दा मोठा वाटतो. फवारणीचं रसायन श्वासातून किती बाधतं ते उंदरावर तपासतात, पण उंदीर नाकानंच श्वास घेतो. सोळा लिटरचा पंप पाठीवर घेतलेला माणूस तोंडानं धापा टाकतो. उंदराच्या नाकात अडकणारा थेंब माणसाच्या घशाखाली उतरू शकतो.

इथं नेदरलँड्समध्ये आम्ही बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या वाटीत, सच्छिद्र पडद्यावर, माणसाच्या श्वासनलिकेतल्या पेशी वाढवतो. खालून पोषक द्रव, वरून हवा. तीन-चार आठवड्यांत त्यांना बारीक केस फुटतात, कफ सुटतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तो कफ घाण्याला जुंपल्यासारखा गोल गोल फिरताना दिसतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा जेवायचं विसरलो होतो. मग वरून रसायन सोडायचं आणि थराचा विद्युतरोध, म्हणजे तो वीज किती अडवतो, ते मोजायचं. रोध घसरला की समजायचं, बांध फुटला.

2018 साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या तज्ज्ञांपुढे क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकाचा अशाच पेशींवरचा अभ्यास आला. भुईमुगाच्या टिक्क्यावर आबा मारतात तेच. युरोपनं 2019मध्ये ते बंद केलं, त्यात मोठी काळजी भूजलाची होती.

इथले काही सहकारी म्हणतात, प्राण्यांवरचे प्रयोग उद्याच थांबवा. मी त्यांच्याशीही भांडतो. वाटीला यकृत नाही. तिनं वीस हंगाम फवारणी केलेली नाही, बिडी ओढलेली नाही. डच सरकारनं 2016मध्ये प्राण्यांविना संशोधनात 2025पर्यंत आघाडी घ्यायचं ठरवलं, तरी पिंजरे रिकामे झाले नाहीत. पण निदान इथं भांडण तरी होतं. आमच्याकडे फवारणाऱ्याच्या नाकावर रुमाल असतो, आणि त्यावर कुणी बोलतसुद्धा नाही.

एप्रिलात आबांसाठी फिल्टरचा मास्क नेला होता. तो खुंटीला टांगलाय. दम कोंडतो म्हणतात. चिडून मीच तो लावला, पंप उचलला आणि वावरात उतरलो. दुसऱ्या सरीला काढून खिशात टाकला.