स्पेनमध्ये लायनी ओव्हरलोड झाल्या नव्हत्या

"दादा, सोलरचा ॲडव्हान्स परत मागू का?" रविवारी सकाळी धाकट्या बहिणीचा मेसेज. खाली तो फॉरवर्ड: 28 एप्रिल 2025 ला स्पेन-पोर्तुगाल अंधारात गेले, कारण दुपारच्या सोलरने लायनी ओव्हरलोड होऊन ट्रिप झाल्या, ग्रिडमध्ये जड फिरती यंत्रं उरली नव्हती, म्हणून गच्चीवरचं सोलर म्हणजे ग्रिडला विष.

ओव्हरलोड? अहो, उलट झालं होतं! लांब हाय-व्होल्टेज लाइनवर लोड भरपूर असेल तर ती रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेज वर-खाली करणारी वीज) खाते, व्होल्टेज खाली ओढते. लोड उतरला की तीच लाइन रिॲक्टिव्ह पॉवर ओकायला लागते आणि व्होल्टेज चढतं. आपल्याकडच्या 400 केव्ही ट्विन मूस (दोन-दोन जाड तारांच्या) लाइनला हा तोल साधारण 515 मेगावॉटला येतो. तारा तापण्याची मर्यादा त्याच्या बरीच वर. पावसाळ्यात शेतीपंप बंद असले की आमच्या सबस्टेशनचा मीटर रात्री 420 केव्हीच्या पुढे सरकायचा. रिॲक्टर (जादा रिॲक्टिव्ह पॉवर शोषणारं उपकरण) लावूनही भागलं नाही की लोड डिस्पॅचचा, म्हणजे ग्रिडच्या नियंत्रण केंद्राचा फोन, "एक सर्किट काढा." धडधाकट लाइन, हातानेच बंद करायची.

स्पेनमध्ये त्या दुपारी ग्रिडला हेलकावे आले. ते शमवायला जादा लायनी जोडल्या, फ्रान्सकडची निर्यात घटवली. हेलकावे थांबले, पण लायनी हलक्या झाल्या आणि व्होल्टेज चढलं. मग ग्रनाडा भागातला एक ट्रान्सफॉर्मर ग्रिडपासून सुटला. त्याच्यासोबत 355 मेगावॉट गेले, शिवाय तिथे शोषली जाणारी 165 एमव्हीएआर (रिॲक्टिव्ह पॉवरचं एकक) रिॲक्टिव्ह पॉवर ग्रिडमध्येच राहिली. व्होल्टेज आणखी चढलं, आणखी केंद्रं सुटली, 12:33 ला सगळं बसलं. हे मी नाही, एन्टसो-ई या युरोपीय ग्रिड कंपन्यांच्या संघटनेचा ऑक्टोबर 2025 चा अहवाल सांगतो.

फिरत्या यंत्रांचा मुद्दा: त्यांचं वजन सावरतं ते फ्रिक्वेन्सीला, आणि फ्रिक्वेन्सी घसरली ती केंद्रं सुटल्यावर. आधी चढलं ते व्होल्टेज.

एक मान्य करावंच लागेल. तिथली बरीचशी सोलर केंद्रं ठरावीक पॉवर फॅक्टरवर, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरचं प्रमाण बांधून चालत होती, व्होल्टेज सावरायला त्यांची मदत नव्हती. पण नियमच तसा होता. इन्व्हर्टरला (सोलरची डीसी वीज एसी करणाऱ्या यंत्राला) ते काम जमतं. आणि ज्या पारंपरिक केंद्रांवर ती जबाबदारी होती, त्यांनीही पुरेशी रिॲक्टिव्ह पॉवर शोषली नाही, असं स्पेन सरकारचाच अहवाल म्हणतो. फॉरवर्डमध्ये त्यांचं नाव नाही.

तेव्हा ॲडव्हान्स राहू दे. इन्व्हर्टर किती व्होल्टला सुटतो, तेवढं विचारून कळव.