झूमच्या आकड्यावर जाऊ नका

लेख छान, पण ‘खिशातला कॅमेरा घेताना आधी झूम बघा’ हे काही पटलं नाही. मी ३० पट झूमचा घेऊन पस्तावलोय. कोकणकड्यावर सूर्य बुडता बुडता पन्नासेक फोटो काढले, छोट्या स्क्रीनवर झकास दिसत होते. घरी कॉम्प्युटरवर उघडले तर कडा कसला, नुसता रवा! टोकाच्या झूमला लेन्स उजेड कमी घेते, त्यात नखाएवढा सेन्सर (उजेड टिपणारी चिप), मग आयएसओ (उजेड कमी पडला की कॅमेरा वाढवतो ती संवेदनशीलता) चढणारच आणि फोटो दाणेदार होणार.

बघायचा तो सेन्सर. ‘एक इंची’ म्हणतात तो खरं तर १३.२ × ८.८ मिमीच असतो (हे नाव कुणी ठेवलं देव जाणे), तरी त्या झूमवाल्याच्या जवळजवळ चौपट. सोनी आरएक्स१०० मार्क ३ मध्ये तो आहे, शिवाय एफ १.८ ची, म्हणजे भरपूर उजेड घेणारी लेन्स आणि वर उचलायचा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी). दुपारच्या उन्हात स्क्रीनवर स्वतःचंच तोंड दिसतं तेव्हा त्याची किंमत कळते. मी सेकंडहँड घेतलाय. रिको जीआर ३ त्याहून हलका, २५७ ग्रॅम, सेन्सर एपीएस-सी, म्हणजे ‘एक इंची’हूनही बराच मोठा. पण झूम अजिबात नाही. लग्नात लांबून फोटो काढायचे असतील तर विसरा.

आणि हो, पावसाळ्यात कॅमेरा कपाटात कोंबू नका. माझ्या जुन्याच्या लेन्सवर बुरशीचं जाळं धरलं होतं. आता डाळीचा हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. डबा गेला म्हणून बायको अजून बोलते.