गवतावर बसू नये

विकास आराखड्यात आमची गोवंडीची गल्ली हिरव्या रंगात आहे. आरक्षण: बाग. म्हणजे कागदोपत्री मी रोज बागेतच झोपतो, बागेतच दाढी करतो आणि नळावरची भांडणंही बागेतच होतात. मलबार हिलला १८८१ साली पाण्याच्या टाकीवर बाग केली. आमच्याकडे बागेवर पाण्याची पिंपं आहेत. फिट्टंफाट.

पण आमच्या पुतण्याला, सोन्याला, घसरगुंडी हवी होती. म्हणून रविवारी दोन बस बदलून त्याला बड्या वस्तीतल्या बागेत नेलं. पोचलो बारा वाजून पाच मिनिटांनी. गेटला कुलूप, वर पाटी: 'दुपारी १२ ते ३ बंद.'

"काका, बाग कुठे गेली?"

"जेवायला."

तीन तास समोरच्या फूटपाथवर काढले. आतल्या गुलमोहराची सावली तेवढी भिंतीवरून बाहेर आली होती; तिला वेळापत्रक लागू नसावं. मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर आहे म्हणतात. केंद्राच्या नियमावलीत १० ते १२ लिहिलंय. सव्वा म्हणजे आमच्या खोलीच्या दाराएवढीही नाही. सोन्या ऐसपैस झोपला की त्याचे पाय माझ्या वाट्यात.

तीनला आत शिरलो. वॉचमननं पिशवी उघडली. चेंडू जप्त. चपाती-भाजीचा डबा 'बाहेर खाऊन या.' पुन्हा बाहेर, पुन्हा आत. घसरगुंडीला मोठी रांग, म्हणून सोन्यानं जरा हिरवळीवर पाय ठेवला तर शिट्टी!

"ए, गवतावरून उतर!"

जसं काही गवत दुसऱ्या मजल्यावर होतं.

"मामा, मग लावलंय कशाला?"

"बघायला. कुठून आलात?"

"गोवंडी."

"गोवंडीत कुठं?"

सांगितलं. निघाला आमच्या मागच्याच गल्लीतला! म्हणजे हा गृहस्थही कागदावर बागेतच राहणारा. चेंडू परत मिळाला. शिट्टीत मात्र सवलत नाही. ड्युटी ती ड्युटी.

सहाला त्याची सुट्टी झाली, एकाच बसनं निघालो. सीट मिळाल्या मिळाल्या मामांची मान कलली. गळ्यात शिट्टी तशीच. मी खिडकीबाहेर बघतोय तेवढ्यात सोन्यानं ती हळूच उचलून जोरात फुंकली. मामा डोळे न उघडताच खेकसले,

"गवतावरून उतर!"

पुढच्या सीटवरचे दोघं उठून उभे राहिले.