लिव्याथानला डायनासोर करू नका

"ड्रॅगन खरेच होते. ते म्हणजेच डायनासोर. जलप्रलयानंतरही ते जगले, माणसांनी त्यांना पाहिलं, बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात त्यांचं वर्णन आहे. जो हे नाकारतो तो बायबल नाकारतो." पृथ्वीचं वय जेमतेम सहा-दहा हजार वर्षं मानणाऱ्या अमेरिकेतल्या गटांनी हा दावा रुजवला. केंटकीत २००७ साली त्यांचं एक संग्रहालयही उघडलं, तिथे माणसं आणि डायनासोर शेजारी शेजारी उभे आहेत. आता आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतही हेच फिरतं.

आधी एक गोष्ट. ड्रॅगन होऊन गेले असं कुणा ख्रिस्ती माणसाने मानलं तर त्यात पाप नाही. सतराव्या शतकात युरोपातले नावाजलेले विद्वानही मानत होते. इटलीतल्या बोलोन्याचा निसर्ग-अभ्यासक अल्द्रोव्हांदी याचा साप आणि ड्रॅगन यांवरचा जाडजूड ग्रंथ १६४० साली छापला गेला. जेझुइट पंडित किर्चर यानेही १६६५ च्या ग्रंथात ड्रॅगनची चित्रं दिली. माझी हरकत पुराव्यांना आहे, आणि त्याहून जास्त त्या शेवटच्या वाक्याला.

पहिला पुरावा बेहेमोथ, ईयोबाच्या ४० व्या अध्यायातला अजस्र प्राणी. तो आपलं शेपूट गंधसरूच्या झाडासारखं हलवतो. पाणघोड्याचं शेपूट आखूड, म्हणून हा सौरोपॉडच, म्हणजे लांब मानेचा आणि लांब शेपटीचा डायनासोर, असं म्हणणं. शेपटीचा मुद्दा वजनदार आहे, नाकारत नाही. पण पुढच्या ओळीही वाचा की! हा प्राणी लव्हाळ्यात, दलदलीत पडून राहतो. झुडपांची सावली त्याला झाकून टाकते. यार्देन नदी अंगावर चालून आली तरी बिचकत नाही. कंबरेचं बळ, पोटाचे स्नायू, हाडं, शेपूट, सगळं सांगून झालं आणि मानेबद्दल चकार शब्द नाही. सौरोपॉड डोळ्यांनी पाहिलेला माणूस शेपटीचं कौतुक करील आणि मान विसरेल?

इथे आपल्याच बाजूचे काही जण एक कच्चं उत्तर देतात: डायनासोरांच्या काळी गवतच नव्हतं, मग बैलासारखं गवत खाणारा बेहेमोथ डायनासोर कसा? हे उत्तर कृपा करून देऊ नका. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गावाच्या शिवारात डायनासोरांच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण असल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालं. साडेसहा कोटी वर्षांहून जुनं शेण! म्हणजे डायनासोर गवत खात होते. बेहेमोथ डायनासोर नव्हता असं म्हणायला बाकीची कारणं पुरेशी आहेत.

दुसरा, आणि लोकांना सगळ्यात आवडणारा पुरावा लिव्याथान, बायबलमधला समुद्रातला महाकाय प्राणी. ईयोब ४१ मध्ये त्याच्या तोंडातून ठिणग्या उडतात, नाकपुड्यांतून धूर निघतो. जोडीला 'विज्ञान' म्हणून बॉम्बार्डियर भुंगेरा पुढे केला जातो. तो भुंगेरा पोटातल्या एका पिशवीत रसायनं साठवतो आणि वेळ आली की ती वेगळ्या कप्प्यातल्या विकरांशी मिसळून उकळतं द्रव्य शत्रूवर फवारतो, हे खरं आहे. पण तो आग ओकत नाही, आणि फवारा सोडतो तो मागच्या टोकाने. त्यावरून पॅरासौरोलोफस या डायनासोरच्या पोकळ तुऱ्यात ज्वालाग्राही रसायनं होती असं सांगणं म्हणजे निव्वळ उडी. त्या तुऱ्यातून नाकाचे श्वासमार्ग जातात. आवाज घुमवण्यासाठी तो असावा असं अभ्यासक मानतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे बायबलच लिव्याथानबद्दल काय म्हणतं. स्तोत्र ७४ मध्ये देव त्याची 'मस्तकं' ठेचतो, अनेकवचनी. इतक्या मस्तकांचा डायनासोर कुठल्या खडकात मिळाला? यशया २७ मध्ये तोच वाकडातिकडा, वेगवान सर्प आहे आणि देव त्याला 'त्या दिवशी', म्हणजे पुढे कधीतरी, शासन करणार आहे. सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित या प्राचीन शहराचे अवशेष आहेत. तिथे १९२९ पासून उत्खनन सुरू झालं. तिथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरच्या, बआल या कनानी देवाच्या काव्यात लोतान नावाचा सात मस्तकांचा सर्प येतो, आणि त्याची विशेषणं यशयातल्या विशेषणांशी जवळपास जुळतात. कनानी लोक ज्या समुद्रराक्षसाला भीत, त्याला इस्राएलाचा देव बोटावर खेळवतो, हे सांगायला ती प्रतिमा घेतली आहे. आणि धुराचं म्हणाल तर स्तोत्र १८:८ काढा. तिथे नाकपुड्यांतून धूर आणि मुखातून अग्नी निघतो तो खुद्द परमेश्वराच्या. त्या ओळी शब्दशः घ्यायला कुणी सांगत नाही.

"मग जगभर ड्रॅगनच्या कथा कशा?" जगभर सारख्या नाहीत. चिनी ड्रॅगन पाऊस आणतो, युरोपीय ड्रॅगन गावं जाळतो; दोघांना एकच नाव आपण नंतर दिलं. शिवाय जमिनीतून निघालेली हाडं अशा कथांना खतपाणी घालत. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट शहराच्या चौकात ड्रॅगनचं दगडी शिल्प आहे, १५९० च्या सुमाराचं. त्याचं डोकं घडवताना जी कवटी समोर ठेवली असं मानतात, ती १३३५ साली जवळच सापडली होती आणि 'ड्रॅगनची' म्हणून जपली गेली होती. ती निघाली हिमयुगातल्या केसाळ गेंड्याची. संत जॉर्जने ड्रॅगन मारल्याची गोष्टही पुरावा नव्हे: परंपरेनुसार तो सन ३०३ च्या सुमारास हुतात्मा झाला, पण ड्रॅगनची गोष्ट त्याला चिकटली सुमारे सातशे वर्षांनी. शिवाय प्रकटीकरण १२:९ त्या मोठ्या अजगराची, म्हणजे ड्रॅगनची, ओळख स्वतःच सांगतं: सैतान.

कंबोडियातल्या ता प्रोम मंदिरावर (११८६) कोरलेला प्राणी म्हणजे पाठीवर चकत्या असलेला डायनासोर 'स्टेगोसॉरस', हा दावा मी दोन ओळींत सोडतो. पाठीवरच्या त्या 'चकत्या' आसपासच्या नक्षीच्याच जातीच्या आहेत. शेपटीवरचे काटे, जे स्टेगोसॉरसचं खास लक्षण, ते नाहीतच.

आणखी एक दावा: "टी. रेक्स या डायनासोरच्या हाडात रक्त मिळालं, म्हणजे तो काही हजार वर्षांपूर्वीचाच." २००५ साली जीवाश्म-अभ्यासक मेरी श्वाइट्झर यांनी सुमारे ६.८ कोटी वर्षांपूर्वीच्या हाडातले खनिज विरघळवल्यावर रक्तवाहिन्यांसारख्या लवचिक रचना मिळाल्याचं जाहीर केलं. ओघळतं रक्त नव्हे. आणि ज्या बाईंच्या नावावर हा पुरावा खपवला जातो, त्या स्वतः श्रद्धावंत ख्रिस्ती आहेत. आपल्या कामाचा असा वापर होतो याबद्दल त्यांनी उघड नाराजी दाखवली आहे.

राहिलं शेवटचं वाक्य, 'जो हे नाकारतो तो बायबल नाकारतो'. निकियाचा मतांगीकार, म्हणजे आपल्या श्रद्धेचा जाहीरनामा, पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत म्हणून पाहा, ड्रॅगन कुठे येतो का. संत ऑगस्टिनने पाचव्या शतकाच्या आरंभी उत्पत्तीच्या पुस्तकावर लिहिताना बजावलं होतं की, जे अनुभवाने पडताळता येतं त्याबद्दल ख्रिस्ती माणूस पवित्र शास्त्राच्या नावाने भलतंच बोलू लागला, तर पुनरुत्थानाबद्दल तो सांगेल ते लोकांनी का ऐकावं? आणि लांब कशाला, नागपूरचा स्टीफन हिस्लॉप घ्या, ज्याच्या नावाचं महाविद्यालय तिथे आहे. स्कॉटलंडहून आलेला हा मिशनरी सुवार्ता सांगत विदर्भातले जीवाश्मही गोळा करी. पिसदुऱ्याच्या हाडांची नोंद त्याची आहे. मांगलीला मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचं वर्णन १८५५ साली रिचर्ड ओवेनने प्रसिद्ध केलं. 'डायनासोर' हे नाव देणारा तोच ओवेन. हिस्लॉप १८६३ साली बुडून वारला तोवर मिशनरीच होता. त्याने बायबल कुठे नाकारलं, ते फॉरवर्ड करणाऱ्यांनी सांगावं.