जगबुडीची कविता उसनी कशी?

'आधुनिक कवितेतली जगबुडी ही पाश्चात्त्यांची उसनी निराशा आहे. हे कवी घरात बसून प्रलय रंगवतात आणि आपल्या भागातली तरुण पोरं ते वाचून खचतात. असल्या कविता संमेलनात वाचू देऊ नका.' मराठवाड्यातल्या साहित्यिक ग्रुपांवर सध्या हा मजकूर फिरतोय. जाणती माणसंही त्याला माना डोलावताहेत, म्हणून मुद्दे एकेक करून घेतो.

उसनी म्हणे. कवी मर्ढेकरांनी इंग्रजी कवी टी. एस. एलियट वाचला होता आणि त्याचा ठसा त्यांच्यावर आहे, हे कुणी नाकारत नाही. एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविता १९२२ ची, पहिल्या महायुद्धानंतरची. मर्ढेकरांची 'पिपांत मेले ओल्या उंदिर' १९४७ च्या संग्रहातली, दुसऱ्या महायुद्धानंतरची. पण घाट बाहेरचा असला म्हणून दुःखही बाहेरचंच ठरतं का? समर्थ रामदास आपल्या जालना जिल्ह्यातल्या जांबचे. दुष्काळानं आणि स्वाऱ्यांनी उजाड झालेला मुलूख त्यांनी सतराव्या शतकात ओव्यांत लिहून ठेवलाय. तुकोबांची बायको तर दुष्काळात 'अन्न अन्न करितां मेली', तेही त्यांनी अभंगात आडपडदा न ठेवता सांगितलं. एलियटचा जन्म १८८८ चा, म्हणजे त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी.

आता 'घरात बसून रंगवलेला प्रलय'. मराठवाड्यात राहून हे म्हणवतं तरी कसं? ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन आटोपून माणसं झोपलेली. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी-सास्तूरचा पट्टा भूकंपानं हादरला. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर लाकडावर माळवद, त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत झोपेतल्या माणसांच्या अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. पुढे २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पाणी भरायच्या जागी जमावबंदी लावावी लागली. इथल्या कवीला शेवट लिहायला कल्पना लढवायची गरजच पडत नाही.

राहिला खचण्याचा मुद्दा. तो मात्र मी हलक्यात घेत नाही. ज्या भागात कर्त्या माणसांच्या आत्महत्यांनी घरं उघडी पडली, तिथं ही काळजी रास्तच आहे. पण या कविता खरंच काय सांगतात ते बघा. पोलिश कवी मिलोशनं १९४४ मध्ये, जर्मनांनी बळकावलेल्या वॉर्सात, जगाच्या अंतावर कविता लिहिली. तिच्यात ना विजा कडाडतात, ना तुताऱ्या वाजतात. मधमाशी फुलाभोवती फिरते, मासेमार आपलं जाळं दुरुस्त करतो. एक पांढऱ्या केसांचा म्हातारा टोमॅटोची झाडं बांधता बांधता पुटपुटतो, जगाचा दुसरा कुठला अंत व्हायचा नाही. भविष्य सांगत बसायला त्याला सवडच नाही, हातात काम आहे. त्याच देशातल्या कवयित्री शिंबोर्स्काचा 'शेवट आणि सुरुवात' या नावाचा संग्रह आला १९९३ सालीच. त्या नावाच्या कवितेत युद्ध संपलेलं आहे आणि प्रेतांच्या गाड्या जाव्यात म्हणून कुणीतरी रस्त्यावरचा ढिगारा बाजूला सारतंय. किल्लारीत ज्यांनी ढिगारे उपसले, त्यांच्यापुढे ही कविता वाचा आणि ती परकी वाटते का ते त्यांनाच विचारा.

पोरं खचतात ती सोयाबीनच्या भावानं, सावकाराच्या व्याजानं, हातातोंडाशी आलेलं पीक गेल्यानं. कवितेनं खचली म्हणणाऱ्या त्या अख्ख्या मजकुरात एकाही कवितेचं नाव नाही. एक तरी दाखवा, मग तिच्यावर ओळीओळीनं बोलू.