पेटीतलं पिवळं हेल्मेट रेजांच्या डोक्यावर कधी येणार?

बांधकाम कामगारांची पेटी आता विदर्भात गावोगावी दिसते. वय 18 ते 60, मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला, आणि महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी, एवढं असलं की सुरक्षा संचाची ही पेटी मिळू शकते. त्यातले बूट वापरले जातात. बॅटरी रात्री ओलिताला जाते. पिवळं हेल्मेट मात्र कोठ्यात खुंटीला लटकलेलं असते, नाहीतर पोट्ट्यांच्या क्रिकेटमध्ये स्टंपाच्या जागी. मी यवतमाळ जिल्ह्यात घरकुलांची आणि लहानसहान बांधकामांची कामं घेतो. हे पाहून जीव तुटतो म्हणून लिहितो आहे.

हेल्मेट म्हणजे मिस्त्रीची वस्तू, असा आपल्याकडे समज झाला आहे. साइटवर पाच मिनिटं उभं राहून बघा. मिस्त्री परांचीवर असतो. त्याच्या डोक्यावर बहुतेक वेळा आभाळच असते. वीट, थापी, बल्लीचा तुकडा, प्लेट, जे सुटते ते खाली येते. आणि खाली कोण असते? घमेलं भरणारी, विटा पोचवणारी, माल कालवणारी बाई, म्हणजे आपली रेजा. दहा फुटांवरून सुटलेली वीट खाली येईतो ताशी 28 किलोमीटरच्या आसपास वेग घेते, आणि आपली भाजलेली लाल वीट अडीच-तीन किलोची. ज्या डोक्याला हेल्मेटची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याच डोक्यावर आपण चुंबळ आणि टोपलं ठेवतो.

रेजांना हेल्मेट घाला म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "मंग टोपलं कुठी ठेवू, भाऊ?" प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर देणं ठेकेदाराचं काम आहे, त्या बाईचं नाही. डोक्यावरून ओझं वाहायची पद्धत बदलल्याशिवाय हेल्मेट बसणारच नाही. सपाटीवर एकचाकी गाडा द्या. विटा वर चढवायला कप्पी लावा आणि ओझं वर जात असताना खाली कोणालाच उभं राहू देऊ नका. घमेली हातोहात द्या. स्लॅबच्या दिवशी लिफ्टवाला मिक्सर आणा. खर्च वाढतो, हे मी नाकारत नाही. तो खर्च घराच्या हिशेबात पहिल्या दिवशीच धरला पाहिजे, जसा सळाखीचा धरतो.

दुसरी अडचण अंबाड्याची. आमच्याकडच्या एका काकूंनी पहिल्यांदा हेल्मेट घातलं तेव्हा मागचा अंबाडा पट्ट्याला अडत होता, हेल्मेट पुढं कपाळावर येत होतं आणि समोरचं काही दिसत नव्हतं. त्या म्हणाल्या, "हे मह्या मापाचं नाही जी." आम्ही आतला पट्टा एक खाच खाली घेतला. त्यांनी अंबाडा सोडून मानेशी खाली बांधला, पदर कमरेला खोचला, डोक्यावर पातळ सुती रुमालाची एकच घडी ठेवली. मग मागची चकती कट-कट फिरवत आवळली. त्या वाकल्या, घमेलं उचललं, मान डावी-उजवी हलवली. हेल्मेट जागचं हललं नाही. "आता बसलं," म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. विकत घेताना म्हणूनच मागं फिरवायची चकती असलेलं घ्या. नुसत्या खाचांची पट्टी एकदा लावली की पुन्हा कोणी हात लावत नाही, आणि एकच हेल्मेट चार डोक्यांवर फिरते.

दुकानात हेल्मेट आतून-बाहेरून बघा. कवचावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस 2925 हा आकडा पाहिजे. कारखान्यात, बांधकामावर वापरायच्या हेल्मेटचं मानक ते आहे. दुचाकीच्या हेल्मेटचं मानक वेगळं, आयएस 4151. पिवळं हेल्मेट घालून मोटरसायकलवर बाजाराला जाणारे आपल्याकडे कमी नाहीत. ते हेल्मेट वरून पडणाऱ्या वस्तूसाठी केलेलं असते, गाडीवरून रस्त्यावर आपटणाऱ्या डोक्यासाठी नाही.

कवचाच्या आतल्या पट्ट्या सगळ्यात महत्त्वाच्या. चुंबळ ओझं डोक्यावर पसरवते, तसं या पट्ट्या मार पसरवतात. कवच आणि पट्ट्यांमध्ये बोट-दीड बोट मोकळी जागा असते, ती मार जिरवायलाच. त्या जागेत तंबाखूची पुडी, मोबाइल, घडी केलेला दुपट्टा काही कोंबू नका. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की डोकं उबते, हे खरं आहे. पण त्यासाठी तापलेल्या खिळ्यानं भोकं पाडू नका. तिथून कवच तडकते. दुपट्ट्याचे चार वेढे आत गुंडाळले तर हेल्मेट वर उचललं जाते आणि धक्क्यासरशी निसटते. ऊन मानेवर येत असेल तर मागून कापड सोडा.

प्लास्टिकला ऊन खाते. कवचाचा रंग उडून ते पांढुरकं, खडूसारखं झालं, दोन्ही हातांनी बाजूंनी दाबल्यावर करकरलं, बारीक तडा दिसला, तर ते हेल्मेट संपलं. जोराचा मार बसला असेल तर बाहेरून साबूत दिसत असलं तरी बदला. कवचाच्या आतल्या बाजूला बहुतेक वेळा बारा महिन्यांचं गोल चक्र आणि बाण कोरलेला असतो, त्यावरून ते कधी बनलं ते कळते. काम संपलं की टिनाखाली किंवा ट्रॅक्टरच्या बोनेटवर तापत ठेवू नका, सावलीत टांगा. जेवायला बसताना त्याचाच पाट करणारे खूप आहेत. तसं करू नका. सिमेंट ओलं असतानाच पुसा, वाळल्यावर थापीनं खरवडू नका. धुवायला साबण आणि कोमट पाणी पुरते. पेट्रोल, थिनर लावलं, वरून ऑइलपेंट मारला, की प्लास्टिक कमजोर होऊ शकते. कपाळाची पट्टी काढून वेगळी धुवा, घाम आणि सिमेंट मिळून कातडीला फोड येतात.

माझी एक विनंती घर बांधणाऱ्यांना आहे. चांगलं हेल्मेट दोन-तीनशे रुपयांत मिळते. ठेकेदाराशी दर ठरवताना, माझ्याशी ठरवत असाल तरी, विचारा: रेजांना हेल्मेट आहे का, आणि माल त्या डोक्यावरून वाहणार की गाड्यावरून? स्लॅबची तारीख त्याच्या उत्तरानंतरच पक्की करा.