‘स्केगनेस’ पोस्टरच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

उत्तर द्यायला आठ दिवस लागले, त्याबद्दल आधी माफी. दिवाळीच्या ऑर्डरींत अडकलो होतो.

कोपरा चेपला ही चूक आमचीच, नळी पातळ पुठ्ठ्याची होती. नवी प्रत उद्या जाड नळीतून निघेल. पैसे नकोत, जुनी परत पाठवायचीही गरज नाही. ‘विंटेज म्हणून कॉपी गळ्यात मारली’ असं तुम्ही लिहिलंय. ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द आम्ही खाली बारीक अक्षरात दिला होता, तो आता वर नावातच घातलाय. बाकी अस्सल पोस्टर साडेआठशेत मिळालं असतं, तर मी ते विकलंच नसतं, घरी लावलं असतं!

पण ‘प्रूफ तपासलं नाही, मधलाच सो मोठ्या अक्षरांत छापलाय’ हे मात्र मान्य नाही. चित्रकार जॉन हॅसल यांनी १९०८ साली इंग्लंडच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेसाठी हे पोस्टर केलं, त्यात ‘स्केगनेस इज सो ब्रेसिंग’ या ओळीतला ‘सो’ मुद्दामच मोठा आहे. ब्रेसिंग म्हणजे अंगाला झोंबून तरतरी आणणारी हवा. स्केगनेस इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, तिथे उत्तर समुद्राचा गार वारा. तो लपवण्याऐवजी रेल्वेने तोच विकायला काढला. ‘समुद्राच्या पोस्टरात हा जाडा कोळी कशाला नाचतोय?’ याचं उत्तरही तेच. तोंडात पाइप, हात पसरलेले, पायांत जाड बूट आणि तरी पाय जमिनीवर ठरत नाहीत, वारा अंगात भरलाय त्याच्या. हॅसलना या चित्राचे १२ गिनी (जुनं ब्रिटिश चलन) मिळाले. स्वतः ते स्केगनेसला बऱ्याच वर्षांनी गेले म्हणतात.

रंग ‘सपाट’ आहेत, खरंय. लिथोग्राफीत, म्हणजे तेव्हाच्या दगडी छपाईत, दर रंगाला वेगळा छाप लागतो, आणि पोस्टर समोरच्या फलाटावरूनही कळायला हवं. आम्ही भडक केले असते तर कदाचित एखादा स्टार वाढला असता, पण चित्र बिघडलं असतं.

फ्रेमचं म्हणाल तर ब्रिटिश रेल्वे पोस्टरांचं उभं नेहमीचं माप २५ × ४० इंच, आमची प्रत लांबी-रुंदीत त्याच्या निम्मी, साडेबारा × २०. तयार ए-थ्री फ्रेममध्ये ती बसत नाही, हे आम्ही आधीच लिहायला हवं होतं. तुम्ही खालची पट्टी कापलीत, त्यात रेल्वेचं नाव गेलं. नव्या प्रतीला कृपया कात्री लावू नका. ए-टू फ्रेम घ्या आणि फ्रेमवाल्याला माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) कापायला सांगा.

पत्ता तोच आहे ना, तेवढं ऑर्डरच्या मेसेजमध्ये कळवा.